मागच्या सीटवरचा हात

माझ्याकडे दुबईचं मोटारसायकलचं लायसन्स आहे ते माझ्या सासूमुळे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी माझ्याबद्दलच बोलत सुटेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाई भारी धीट दिसतेय. मी धीट नाही. गॅस बंद केला का, गाडीची चावी काढली का, स्टँड वर घेतला का, याच काळजीत माझं अर्धं आयुष्य गेलं. धीट आहेत त्या आमच्या आत्या.

आम्ही हडपसरचे, म्हणजे टॉवर येण्याआधीच्या गावातले. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही आणि मी आठवीतच सोडली, म्हणजे दोघींची मिळून शाळा आठवी. हे मी लिहिलेलं त्यांना वाचता येणार नाही. माझी लेक वाचून दाखवेल, आणि त्या मध्येच म्हणतील, "पुरं आता, भाजी करपली."

आमचे हे वारले तेव्हा त्यांची मोटारसायकल दारात उभी राहिली. स्कूटी नाही, किक मारायची, दोन्हीकडे पाय टाकून बसायची मोटारसायकल. माझे दीर म्हणाले, विकून टाकू. आत्या म्हणाल्या, "कशाला? चालवंल की ती."

ती म्हणजे मी. मला तेव्हा सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण आत्यांनी लोकांसमोर बोलून टाकलं म्हटल्यावर शिकावी लागली. पडले, गुडघे फुटले, सायलेन्सरला पोटरी भाजली, आणि एक दिवस मी आयटी पार्कात जेवणाचे डबे पोचवायला लागले. मोटारसायकलवर बाई बघून सिग्नलला लोक वळून बघायचे. मी घामाघूम व्हायचे. पण डबे वेळेवर जायचे.

डबे पोचवणाऱ्या आम्हा बायकांतल्या एकीने सांगितलं, दुबईत एक कंपनी घरपोच सामान पोचवायला बायका घेतेय. राहायची खोली ते देणार, गाडी ते देणार, तिथलं लायसन्स मात्र आपण काढायचं. परीक्षेला तीनदा बसता येतं. तिन्ही वेळा नापास झालात, तर परतीचं तिकीट हातात.

घरी विषय निघाला तेव्हा दीर हसले ते हसतच सुटले. "अहो वहिनी, तिथं उजव्या बाजूनं गाड्या चालतात. उजव्या! तुम्हाला अजून डावं-उजवं विचारून सांगावं लागतं."

ते खरं होतं. मी डावं-उजवं ठरवायला आधी घास उचलायचा हात आठवते. आत्यांना ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, "जेवती त्या हाताच्या बाजूनं चालवायची. त्यात काय एवढं?"

"आणि नापास होऊन परत आल्या तर?" दीर म्हणाले. "मग गाडी विकायची, डबे बंद, आणि मी सांगीन तसं घरात राहायचं. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत.

मला आजही नवल वाटतं. पैज माझ्या आयुष्याची होती आणि लावली त्यांनी. पण त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं की भाऊजींचं हसू बंद करायचं. भीती वाटत होतीच. भीती वाटते म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे?

आमच्या जुन्या शेताचा एक तुकडा कोर्टात अडकलाय, म्हणून अजून मोकळा आहे. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये ती जमीन. आत्यांनी तिथे रस्ता आखला. मैदानं आखायला वापरतात ती पांढरी फक्की आणली आणि दारात रांगोळीची रेघ ओढावी तशी चिमटीतून सोडत गेल्या. मध्ये पालथं घमेलं, त्यावर वीट. तो झाला दुबईचा चौक. मी मोबाइलवर बघून सांगायचे की तिथं असा गोल असतो, त्याला उजवीकडून शिरायचं आणि घड्याळाच्या उलट फिरायचं.

आत्या थांबल्या. "म्हंजे उलटी प्रदक्षिणा?"

"हो."

त्यांनी घमेल्याकडे पाहून हात जोडले. "देवाला असली घातली नसती. पोटाला चालंल."

रोज सकाळी आम्ही दोघी ती उलटी प्रदक्षिणा घालायचो. मी पुढे, हेल्मेट घालून. पुण्यात हेल्मेट म्हटलं की माणसं वकिलासारखी बोलायला लागतात, मान दुखते, ऐकू येत नाही, शहरात लागतंच कशाला. आत्यांनी मात्र ते माझ्या डोक्यावर दाबून बसवलं आणि म्हणाल्या, "डोकं काय भाड्याचं हाय व्हय?" त्या मागे, नऊवारीत, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. बाल्कन्यांतून लोक चहा पीत बघायचे. फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ एकदा कुंपणाशी थांबून म्हणाले, "अहो, आपण विरुद्ध दिशेने चालवताय याची आपल्याला कल्पना आहे का?"

"हाय," आत्या म्हणाल्या.

"नाही, म्हटलं पुण्यात हे वेगळं शिकवावं लागत नाही, म्हणून विचारलं."

मला हसू फुटलं आणि गाडी घमेल्यावर गेली.

आता मागच्या सीटवरच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आपल्याकडे मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस रिकामा बसलेला नसतो. गाडी वळायची असली की तो हात बाहेर काढतो, पंजा जरा खाली करून हलवतो, म्हणजे मागच्या टेंपोला कळतं की थांबा, आम्ही वळतोय. इंडिकेटर असतो, पण तो कोण बघतं? कुणाचा तुटलेला असतो, कुणाचा सकाळपासून लागून राहिलेला असतो. हाताला मात्र पीएमटीची बससुद्धा थांबते. घमेल्याभोवती फिरतानाही आमचं तेच चाललं होतं. वळायच्या आधी मी म्हणायचे, "आत्या, हात." त्या हात काढायच्या. वळण पार झालं की त्या म्हणायच्या, "झालं," आणि हात पुन्हा पदरात. आत्या-हात, झालं. आत्या-हात, झालं. आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. मागे टेंपो नव्हता तरी त्यांचा हात निघायचा.

दुबईत पोचले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मी रस्ता ओलांडतानासुद्धा चुकीच्या बाजूला बघायचे. आमच्या खोलीत आम्ही वेगवेगळ्या देशांतल्या बायका. रात्री सगळ्या आपापल्या भाषेत घरी बोलायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात उजवं-डावं घोकायचे. शिकवायला पेशावरकडचे एक चाचा होते, पांढरी दाढी, सतत खजूर चघळणारे. मला बीबी म्हणायचे. त्यांच्या मैदानात मी आठाचा आकडा काढला, अरुंद फळीवरून गाडी नेली, ब्रेक मारून पांढऱ्या रेषेच्या आत थांबले. वळणाआधी चाचा मागून ओरडायचे, "इशारा, बीबी, इशारा!" आणि मग माझा अंगठा इंडिकेटरच्या बटणावर जायचा. ते ओरडतात म्हणून जातोय, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

परीक्षेच्या दिवशी माझ्या हेल्मेटमध्ये बोलायचं-ऐकायचं यंत्र बसवलं. परीक्षक बाई मागून मोटारीतून येत होत्या आणि कानात सांगत होत्या, आता डावीकडे, आता गोलातून तिसरा रस्ता. गोलाला शिरताना मला घमेलं आठवलं आणि मी अशी सुरेख उलटी प्रदक्षिणा घातली की मलाच माझं कौतुक वाटलं. वेग बरोबर, लेन बरोबर, झेब्रापाशी थांबले. आता भाऊजींना फोन लावते, असं मनात म्हणतच मी उतरले.

नापास.

बाईंनी मला मोटारीच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. त्या तिथल्याच, शांत, मोडक्या हिंदीत बोलणाऱ्या. "गाडी अच्छा चलाता. इंडिकेटर एक बार भी नहीं. और ये देखो." चित्रात मी प्रत्येक वळणाआधी किंचित हळू होत होते. मान जरा मागे कलायची. क्षणभर थांबून मग वळायचे. "किसका इंतज़ार करता?" त्यांनी विचारलं.

मी त्या चित्राकडे बघत राहिले आणि मला कळलं मी कुणाची वाट बघत होते. माझ्यामागे सीटवर कुणी नव्हतं. मी आत्यांचा हात निघायची वाट बघत होते.

दुसऱ्या वेळी मी इतकी सावध होते की विचारू नका. इशारा, इशारा, इशारा, डोक्यात दुसरं काही नाही. सांगितलं, डावीकडे वळा. आणि माझा डावा हात हँडल सोडून सरळ बाहेर गेला, पंजा खाली करून, अगदी आत्यांसारखा हलायला लागला. क्लच सुटला, गाडीने आचका दिला आणि भर चौकात बंद पडली. मागे लांबलचक गाड्यांची रांग, आणि एकही हॉर्न नाही. हॉर्न वाजवले असते तर बरं वाटलं असतं. त्या शांततेत मला रडू आलं.

आता एकदाच बसता येणार होतं.

ही बातमी घरी मी सांगितली नव्हती. पण माझ्या लेकीने माझ्या आवाजावरून ओळखली आणि तिच्याकडून ती भाऊजींपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आत्यांचा व्हिडिओ कॉल. बघते तर त्या अंगणात मोटारसायकलवर बसलेल्या. मागच्या सीटवर, आपल्या जागेवर, एका बाजूला पाय सोडून. पुढची सीट रिकामी. लेकीने फोन धरला होता.

"आत्या, तिथं काय करताय उन्हात?"

"तुझ्या भाऊजीनं गिऱ्हाईक आणलंय गाडीला. मी बसून ऱ्हायले. म्हनलं, न्यायची तर माझ्यासकट न्या."

मागून भाऊजींचा आवाज आला, "आई, अगं ऊठ, माणूस खोळंबलाय."

"खोळंबू दे. त्याला च्या दे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का गं, कुठं चुकतंय तुझं?"

मी सांगितलं. त्यांच्या हातामुळे चुकतंय हे मात्र अगदी शेवटी सांगितलं. माझ्यासाठी ती बाई उन्हात गाडी अडवून बसलेली, आणि मी तिलाच बोल लावतेय असं वाटलं. पण त्यांना वाईट वगैरे काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "मला काढू नको मागनं. मला काढाय गेलीस की घोटाळा व्हतो, दुसऱ्या टायमाला झाला तसा. मी बसलेलीच हाय. तू आपली म्हन, आत्या, हात. फक्त माझा हात आता तुझ्या अंगठ्यात आलाय. त्यो दाब. आन वळण झालं की मी म्हननार, झालं. मग बंद कर. आपलं घमेल्याचंच हाय, दुसरं काय न्हाई."

"आणि जमलं नाही तर?"

"तर मी गाडीवरनं उठनार न्हाई. मला उठवून दाखवा म्हनावं कुणालाबी."

त्यांच्या मागे गिऱ्हाईक खरंच चहा पीत उभं होतं.

तिसऱ्या परीक्षेला मी डाव्या हाताचा ग्लोव्ह उजव्या हातात घालायला गेले. चाचांनी खजूर दिला, म्हणाले, खा, देव बघतोय. मी गाडी काढली. पहिल्या वळणाआधी मी म्हणाले, "आत्या, हात," आणि अंगठा दाबला. टिकटिक सुरू झाली. वळले. "झालं." टिकटिक बंद. पुढे गोल आला. "आत्या, हात." उलटी प्रदक्षिणा. "झालं." लेन बदलताना, रस्त्याच्या कडेला थांबताना, पुन्हा निघताना, दरवेळी तेच. मान एकदाही मागे कलली नाही. कलायची गरज नव्हती. त्या मागे होत्याच.

उतरल्यावर परीक्षक बाई मोटारीतून बाहेर आल्या. हेल्मेटमधल्या यंत्रातून माझं सगळं पुटपुटणं त्यांना ऐकू गेलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "क्या पढ़ रहा था इतना टाइम? दुआ?"

"हाँ जी," मी म्हणाले. खोटं बोलले असं मला अजिबात वाटत नाही.

पास झाले. फोन लावला तेव्हा आत्या स्वयंपाकघरात होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "झालं?" मी म्हणाले, "झालं." मग त्यांनी ओरडून भाऊजींना सांगितलं, "गाडीवरचं कापड झटकून ठेव रे. तिची हाय ती."

आता मी इथे सामान पोचवते. आमच्यासारख्या गाड्यांनी सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये जायचं नाही, असा नियम आहे, मी जात नाही. आमचा सुपरवायझर फोन करतो, "जल्दी करो, सर्व्हिस रोड से उल्टा निकल लो, कोई नहीं देखता." मी म्हणते, नाही निकलत. तो म्हणतो, बाकीचे जातात. मी म्हणते, बाकीच्यांना बाकीच्यांच्या सासवांनी शिकवलं असेल. तो चिडतो. चिडू दे. ज्या लायसन्ससाठी एक म्हातारी भर उन्हात गाडीवर बसून राहिली, ते मी कुणाच्या गरमागरम बर्गरसाठी घालवणार नाही. मला आजही भीती वाटते, रोज वाटते. मोठे ट्रेलर शेजारून जातात तेव्हा मी हँडल घट्ट धरते. पण भीती वाटली की माणसाने नियम मोडावेत असं कुठे लिहिलंय? मी भीत भीत नियमाने चालवते.

दिवाळीला सुट्टीवर गेले तेव्हा आत्यांना मागे बसवून बाजारात निघाले. भाऊजी पुढे त्यांच्या स्कूटरवर. हडपसरच्या एका चौकात सिग्नल लाल झाला. भाऊजी सहज निघून गेले. मी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबले. भर दुपार, समोरचा रस्ता मोकळा. मागे हॉर्न सुरू झाले.

"ओ मॅडम, सिग्नल शोभेचा आहे तो!"

"काकू, पेट्रोल संपलं का?"

एक पोरगा अगदी शेजारी येऊन म्हणाला, "काय ओ ताई, रेषा पुसून जाईल म्हणून थांबलात का?"

मागून आत्या म्हणाल्या, "गाडी चालू हाय बाळा. डोकंबी चालू हाय. तुझं बघ, बंद पडलंय का."

मोटारीतले एक चष्मेवाले गृहस्थ काच खाली करून अतिशय सभ्यपणे म्हणाले, "बाई, आपण पुण्यात आहात."

एरवी मी मान खाली घालून गाडी पुढे काढली असती. पण मी हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाले, "माहीत आहे काका. दुबईत दंडाला भिऊन थांबते. इथं माझ्या मर्जीनं थांबलेय."

त्यांनी काच वर घेतली. हॉर्न काही थांबले नाहीत. मीही हलले नाही. हिरवा झाल्यावर निघाले, वळणाआधी इंडिकेटर लावला, आणि बघते तर बाजूने आत्यांचा हात बाहेर, पंजा हलतोय.

"आत्या, इंडिकेटर लावलाय मी."

"तुझा दिवा तू लाव. हितं लोक हातच बघत्यात."

वळलो. "झालं," त्या म्हणाल्या आणि हात पदरात घेतला. बाजाराच्या तोंडाशी भाऊजी घाबरेघुबरे उलटे येताना भेटले. कुठे धडकलो की काय, म्हणून आम्हाला शोधत निघाले होते. तेही चुकीच्या बाजूने. आत्यांनी नुसतं त्यांच्या चाकाकडे पाहिलं, आणि भाऊजींनी गुपचूप गाडी वळवून घेतली.

इथे दुबईत माझ्या गाडीवर मागे सीट नाही. तिथे सामानाचा मोठा खोका आहे, आणि आमच्या कामाच्या गाडीवर माणूस बसवायला बंदी आहे. रोज निघताना मी त्या खोक्याचं कुलूप तपासते, परत तपासते, आणि मग पहिल्या वळणाला आत्यांना हात काढायला सांगते.

पण एक दिवस मी इथे स्वतःची मोटारसायकल घेणार आहे, मागे चांगली रुंद सीट असलेली. आत्यांना बोलावून घेणार आहे. त्यांच्या डोक्यावर मी हेल्मेट दाबून बसवीन, डोकं भाड्याचं नाही म्हणून. समुद्राच्या कडेच्या रस्त्याने नेईन, वाटेत जेवढे गोल लागतील तेवढ्या सगळ्यांना उलट्या प्रदक्षिणा घालीन. आणि आत्या, त्या दिवशी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचं, समुद्र बघायचा. दिव्याचं मी बघेन. तुम्ही फक्त प्रत्येक वळणानंतर म्हणायचं, झालं.